जेथ्रो टल ऐकायला घेताय? मग या क्रमाने घ्या

जेथ्रो टल नावाचा कुणी गायक नाही, हे आधी सांगून टाकतो. नवख्यांपैकी निम्मे लोक तिथेच फसतात. हे बँडचं नाव आहे. गाणारा, बासरी वाजवणारा आणि जवळपास सगळी गाणी लिहिणारा माणूस इयन अँडरसन. मूळचा जेथ्रो टल हा १६७४ साली जन्मलेला इंग्लिश शेतकरी. १७०१ च्या सुमाराला त्याने घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. आपल्याकडे तिफणीच्या चाड्यात बी सोडून ओळीत पेरतात, तेच काम. बँडला हे नाव मिळालं ते निव्वळ योगायोगाने. १९६८ च्या सुरुवातीला ही पोरं लंडनच्या क्लबांमध्ये सारखी नावं बदलून वाजवायची, म्हणजे आधीचा कार्यक्रम आवडला नसला तरी पुन्हा बोलावणं यायचं. त्यांच्या एजन्सीत इतिहासाची आवड असलेला एक जण होता, त्याने हे नाव सुचवलं. त्या नावाने वाजवल्यावर मार्की क्लबने पुन्हा बोलावलं आणि नाव चिकटलं. पहिल्या सिंगलवर (एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर) ते चुकून ‘जेथ्रो टो’ असं छापलं गेलं, ही गोष्ट वेगळी.

१९६८ ते २०२५ या काळात चोवीस स्टुडिओ अल्बम झाले. ब्लूज, लोकसंगीत, हार्ड रॉक, जवळपास चव्वेचाळीस मिनिटांचं एकच गाणं, ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझर, सगळं आहे. त्यामुळे ‘कुठूनही सुरू करा’ हा सल्ला इथे चालत नाही. चुकीच्या दारातून शिरलेला माणूस ‘हे काय बासरीवालं रॉक’ म्हणून परत फिरतो.

पुढची सगळी वाट एका गोष्टीवर बेतली आहे: बासरीच्या ओढीने आत या, पण कान ॲकूस्टिक गिटारवर ठेवा. बासरी हा या बँडचा चेहरा, पण कणा म्हणजे अँडरसनची साधी, तारा खुडत वाजवलेली गिटार आणि त्यावर कोसळणारी मार्टिन बारची इलेक्ट्रिक गिटार. हलकं ते जड, जड ते हलकं, हा झोका एकदा कानात बसला की चोवीसपैकी अठराएक अल्बम आपोआप उलगडतात.

आधी ॲपची बटणं

फोनवर ऐकणार असाल तर ही चार कामं पहिल्याच दिवशी उरका.

१. क्रॉसफेड बंद करा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळवणारी ही सोय पार्टीच्या यादीला ठीक. इथे बरेच ट्रॅक मुद्दाम एकमेकांना लागून आहेत किंवा मुद्दाम शांततेवर थांबतात. क्रॉसफेडमुळे दोन्ही बिघडतात.

२. त्याच पानावर ‘गॅपलेस’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. काही डिजिटल आवृत्त्यांत लांब गाणं छोट्या तुकड्यांत कापलेलं असतं. गॅपलेस नसेल तर दर दोन-चार मिनिटांनी बारीकसा खड्डा ऐकू येतो आणि दोष बँडच्या माथी जातो.

३. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद करा, निदान ‘जोरात’ या पातळीवर तरी ठेवू नका. कुजबुज आणि गडगडाट यांतलं अंतर हीच या संगीताची निम्मी गंमत. जोरातली पातळी ते अंतर दाबते.

४. शफल बंद. फुकटच्या खात्यावर काही ॲप शफल बंद करू देत नाहीत आणि मध्ये जाहिराती घालतात. तसं असेल तर एक महिन्याचे पैसे भरा किंवा सीडी मिळवा. ‘थिक ॲज अ ब्रिक’ या त्या लांबलचक गाण्याच्या मध्यावर गृहकर्जाची जाहिरात आली की त्या दिवशीचं ऐकणं संपलं.

हेडफोन महागडे लागत नाहीत. कान झाकणारे, वायरचे, साधे चालतात. फक्त ‘बास बूस्ट’ असलेले नकोत. बासरी आणि गिटारच्या तारा मधल्या-वरच्या पट्टीत असतात आणि फुगवलेला बास नेमका त्यांच्यावर चढतो.

कोणती आवृत्ती?

एकाच अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या शोधात दिसतात. ‘रीमास्टर’ म्हणजे जुनंच मिश्रण नव्याने घासूनपुसून दिलेलं. ‘रीमिक्स’ म्हणजे मूळ बहुपदरी टेप पुन्हा काढून प्रत्येक वाद्याची पातळी नव्याने बसवलेली. टलच्या सत्तरच्या दशकातल्या बहुतेक अल्बमचं रीमिक्स स्टीव्हन विल्सनने केलं आहे. तो स्वतः प्रोग्रेसिव्ह रॉकमधला, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमधला संगीतकार. २०११ साली ‘ॲक्वालंग’पासून ही मालिका सुरू झाली.

नियम सोपा ठेवा. ‘ॲक्वालंग’ विल्सनच्याच मिश्रणात ऐका. मूळचं ध्वनिमुद्रण गढूळ आहे आणि ही तक्रार १९७१ पासूनची. नव्या मिश्रणात ड्रम, पियानो आणि गिटार एकमेकांपासून सुटे होतात. ‘स्टँड अप’ मूळ मिश्रणातही सुरेख वाजतो, तिथे डोकं खाजवू नका. बाकीच्यांत दोन्ही चालतात. पहिल्या महिन्यात आवृत्त्यांची तुलना करत बसणं म्हणजे संगीत सोडून वायरी ऐकणं.

पहिली वीस मिनिटं

पूर्ण अल्बमला हात लावण्याआधी ही पाच गाणी याच क्रमाने ऐका.

‘लिव्हिंग इन द पास्ट’, १९६९ चं सिंगल. ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ठेका पाचाचा. ज्यांना टाळ्या-खाली मोजायची सवय आहे त्यांनी दहा बारीक मात्रा धरा. झपतालही दहाच मात्रांचा, पण तो २-३-२-३ असा तुटतो. इथे बास गिटार ३-३-२-२ अशी चालते. मांडीवर बोटांनी एकदा वाजवून बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. जमलं की हे गाणं अडखळत नाही, डुलतं. टलची विषम मोजणी बहुतेक वेळा अशी असते, दाखवण्यापुरती नसते.

‘बूरे’, त्याच वर्षीच्या ‘स्टँड अप’मधलं. बाखच्या ई मायनर ल्यूट स्वीटमधली (ल्यूट हे जुनं तंतुवाद्य) चीज घेऊन तिला जॅझचा झोका दिला आहे. मध्ये ग्लेन कॉर्निकचा बास एकटाच बोलतो, तो भाग चुकवू नका. बासरी ऐकताना एक लक्षात घ्या. ही आपली बांबूची बासरी नव्हे, चाव्यांची धातूची आडवी बासरी आहे, आणि अँडरसन फुंकताना गळ्यातून गातोही. तो खरखरीत, घोगरा आवाज म्हणजे रेकॉर्डिंगमधला बिघाड नव्हे. ही पद्धत जॅझवादक रोलंड कर्ककडून आली. पहिल्या अल्बमवर कर्कची एक चीजही वाजवलेली आहे. १९६७ मध्ये अँडरसनने इलेक्ट्रिक गिटार देऊन बासरी घेतली आणि आपलं आपण शिकला. बोटं चुकीची बसली होती, ती नव्वदच्या दशकात मुलगी बासरी शिकायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आली आणि मग त्याने सगळं पुन्हा गिरवलं. म्हणून नव्वदीनंतरची त्याची बासरी जास्त स्वच्छ आहे. जुनी जास्त रांगडी. आम्हाला जुनी आवडते.

‘वंडरिंग अलाउड’, पुरती दोन मिनिटंही नाहीत. गिटार, पियानो, तंतुवाद्यं आणि आवाज. सुरुवातीला जो कणा म्हटला तो इथे उघडा दिसतो. सलग दोनदा ऐका.

‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’. आधी जॉन एव्हनचा पियानो, थोडा ब्लूज, थोडा मैफिलीतला. मग रेल्वेसारखी एका चालीची गती. ती इतकी यांत्रिक सरळ का वाटते? बँडला एकत्र वाजवून ठेका जमत नव्हता, म्हणून अँडरसनने आधी बास ड्रम आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) स्वतः वाजवून पट्टा तयार केला आणि बाकीचं त्यावर एकेक करून चढवलं.

शेवटी ‘ॲक्वालंग’. सहा सुरांची ती प्रसिद्ध सुरुवात, मग एकदम सगळं शांत. आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा, खाली गिटार. बँडच्या सगळ्यात गाजलेल्या या गाण्यात बासरी औषधालाही नाही. पहिल्या ऐकण्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मधला एकल गिटारचा तुकडा मार्टिन बारचा. हे चालू असताना त्याच इमारतीत, लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या स्टुडिओत, लेड झेपेलिन आपला चौथा अल्बम मुद्रित करत होते.

या पाचांतलं एकही आवडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, हा बँड तुमचा नाही. दोन आवडली तरी पुढे जा.

पहिले चार पूर्ण अल्बम

एका अल्बमला एक आठवडा, त्यात तीन वेळा ऐकणं. पहिल्यांदा काम करता करता, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. हा क्रम उलटा करू नका. अँडरसनचे शब्द दाट आणि तिरकस आहेत. पहिल्याच दिवशी ते वाचायला घेतले तर गाणं राहतं बाजूला आणि कोडं सोडवणं सुरू होतं.

पहिला ‘ॲक्वालंग’, मार्च १९७१. मुखपृष्ठावरचा फाटक्या कोटातला माणूस आणि शीर्षकगीताचे शब्द यांचा उगम थेम्सकाठच्या बेघर लोकांच्या छायाचित्रांत आहे. ती अँडरसनच्या तेव्हाच्या पत्नीने, जेनीने काढली होती आणि त्या गाण्याच्या शब्दांचं श्रेय तिलाही आहे. दुसरी बाजू धर्मसंस्थेवर टोकदार बोलते. दोन बाजूंना दोन नावं असल्यामुळे समीक्षकांनी याला कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच सूत्रात ओवलेला अल्बम ठरवलं. अँडरसन ते आजवर नाकारत आला आहे. तुम्हीही सूत्र शोधत बसू नका, सुटी गाणी म्हणून ऐका. ‘चीप डे रिटर्न’ हे मिनिट-सव्वा मिनिटाचं गाणं आजारी वडिलांना भेटून परतण्याबद्दल आहे. त्यात ना देव आहे, ना बेघर माणूस.

दुसरा ‘स्टँड अप’, १९६९. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पहिला गिटारवादक मिक एब्राहम्स ब्लूजचा कट्टर होता, तो ‘धिस वॉज’ या पहिल्या अल्बमनंतर बाहेर पडला आणि मार्टिन बार आला. त्या एका बदलाने काय झालं ते कळायला ‘धिस वॉज’मधली दोन गाणी आणि ‘स्टँड अप’मधली दोन पाठोपाठ ऐका. ‘फॅट मॅन’मधलं मँडोलिन आणि हातावरचे ड्रम आपल्या कानाला ओळखीच्या दिशेने जातात. मध्ये काही दिवस टोनी आयोमीही येऊन गेला, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक तोच. डिसेंबर १९६८ च्या एका चित्रीकरणात तो टोपी घालून उभा दिसतो.

तिसरा ‘साँग्ज फ्रॉम द वुड’, १९७७, आणि लगेच चौथा ‘हेवी हॉर्सेस’, १९७८. हे जोडीने घ्या. मधली वर्षं आत्ता मुद्दाम गाळली आहेत. जोडीतला पहिला वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर उघडतो. ऋतू, सण, शेत, जुन्या इंग्लंडच्या समजुती आणि त्याखाली अत्यंत गुंतागुंतीचं वादन. बॅरी बार्लोचे ड्रम इथे नीट ऐका. लोकगीतासारखी साधी वाटणारी चाल तो एका क्षणी तीन तुकड्यांत मोडतो आणि तुम्हाला कळतही नाही. दुसऱ्याचं शीर्षकगीत ट्रॅक्टर आल्यावर बेकार झालेल्या नांगराच्या घोड्यांवर आहे. शेतकऱ्याचं नाव लावणाऱ्या बँडने शेवटी शेतीवर गाणं केलं ते हे. ज्यांच्या घरी बैल विकले गेले आणि दारात ट्रॅक्टर उभा राहिला, त्यांना या गाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता ‘थिक ॲज अ ब्रिक’

सहाव्या-सातव्या आठवड्यात इथे या, आधी नको. मार्च १९७२. एकच गाणं, दोन बाजू मिळून चव्वेचाळीस मिनिटांच्या आतबाहेर. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पहिली गोष्ट: ही थट्टा आहे. ‘ॲक्वालंग’ला कन्सेप्ट अल्बम म्हणता ना, मग घ्या एक भलाथोरला, अशा खोडसाळपणातून ते जन्मलं. शब्द जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने लिहिले असं छापलं आहे. हा मुलगा काल्पनिक. मुखपृष्ठ म्हणजे गावातल्या वर्तमानपत्राचा बारा पानांचा अंक: बातम्या, शब्दकोडं, टिंबं जोडा, छोट्या जाहिराती. बातमी अशी की बक्षीस मिळालेल्या कवितेवरून गदारोळ झाला आणि पोराचं बक्षीस काढून घेतलं. हे खरं मानून लेख लिहिणारे लोक अजूनही सापडतात. संगीत मात्र थट्टेवारी नाही, आणि इथेच नवखा गोंधळतो. हसायचं की गंभीर व्हायचं? दोन्ही.

ऐकायची पद्धत:

पहिल्या दिवशी फक्त पहिली बाजू. शब्द नकोत. सुरुवातीची साधारण तीन मिनिटं ॲकूस्टिक गिटार आणि बासरीची आहेत. रेडिओवर वाजतो तो हाच तुकडा. त्यातली गिटारची चाल पाठ होईपर्यंत ऐका, दोन-तीनदा मागे जावं लागलं तरी चालेल. हीच चाल पुढे सगळं बांधून ठेवते. तिसऱ्या मिनिटाला सगळा बँड शिरतो आणि पहिला झटका बसतो. पाचव्याच्या आसपास पुन्हा वळण. इथून पुढे मिनिटं मोजू नका, हॅमंड ऑर्गनच्या (विजेवरच्या ऑर्गनच्या) मागे जा. जॉन एव्हनचा ऑर्गन एका भागातून दुसऱ्यात नेणारा पूल आहे.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. सुरुवातीलाच बार्लोचं छोटं ड्रमवादन आहे. ही बाजू जास्त तुटक आहे आणि मधला एक भाग मुद्दाम विस्कटलेला. बहुतेकांची गाडी इथे रुळावरून घसरते. घसरू द्या, थांबवू नका. बाजूच्या शेवटाला तंतुवाद्यं येतात आणि अगदी अखेरीस पहिल्या दिवशीची ती गिटारची चाल परत येते. पहिली बाजू नीट ऐकली असेल तर त्या क्षणी काय होतं ते आम्ही सांगायची गरज नाही. ऐकली नसेल तर काहीच होत नाही. दोन दिवस वेगळे ठेवायचं कारण हेच.

चार-पाच दिवस सोडून, शब्द समोर ठेवून, सलग. फोन दुसऱ्या खोलीत.

कोण कधी होतं

सगळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही. माणूस कायम एकच, अँडरसन. बार १९६८ च्या अखेरीपासून २०११ पर्यंत. बाकीची मंडळी येत-जात राहिली. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे ड्रम: क्लाइव्ह बंकर असेल तर १९६८ ते १९७१, जॅझ-ब्लूजकडे झुकलेलं. बॅरी बार्लो असेल तर १९७१ ते १९८०, प्रोग्रेसिव्ह आणि लोकसंगीताचा सुवर्णकाळ. बास गिटारवर याच काळात जेफ्री हॅमंड आणि मग जॉन ग्लॅस्कॉक. ग्लॅस्कॉक नोव्हेंबर १९७९ मध्ये हृदयविकाराने गेला. त्यानंतर लगेचच १९८० ला जवळजवळ सगळा संच बदलला. त्या वर्षीचा ‘ए’ हा अल्बम खरं तर अँडरसनचा एकट्याचा व्हायचा होता. टेपच्या खोक्यांवर त्याच्या आडनावाचं ‘ए’ हे अक्षर होतं, तेच शीर्षक झालं.

तिथपर्यंतचा बँड रंगमंचावर कसा वाजायचा हे कळायला ‘बर्स्टिंग आउट’ हा १९७८ चा थेट मुद्रित अल्बम पुरेसा आहे. दुसरा कुठलाही आधी घेऊ नका.

पुढे काय, आणि काय लांबणीवर टाकायचं

‘बेनिफिट’ (१९७०) आणि ‘मिन्स्ट्रेल इन द गॅलरी’ (१९७५) आता बिनधास्त घ्या. दुसऱ्यात पहिल्या मिनिटाला ॲकूस्टिक गिटार आणि चौथ्या-पाचव्याला कानठळ्या बसवणारी इलेक्ट्रिक, म्हणजे वर सांगितलेला झोका त्याच्या टोकाला. आमच्या मते हा त्यांचा सगळ्यात कमी लेखला गेलेला अल्बम.

‘अ पॅशन प्ले’ (१९७३) मात्र सहा महिने तरी नको. पुन्हा एकच गाणं, पण यात थट्टेचा उजेड कमी. मेलेल्या माणसाचा पुढचा प्रवास, सॅक्सोफोनची गर्दी आणि मधोमध चष्मा हरवलेल्या सशाची बोललेली गोष्ट. अमेरिकेत हाही पहिल्या क्रमांकावर गेला, समीक्षकांनी मात्र धुतला. ‘ब्रिक’ आवडला म्हणून दुसऱ्याच दिवशी हा लावणारे लोक दोन्हींना कंटाळतात.

‘अंडर रॅप्स’ (१९८४) शेवटी. तिथे ड्रमवादकाच्या जागी यंत्र आहे. शिवाय त्या वर्षीच्या दौऱ्यात अँडरसनचा गळा बिघडला आणि पूर्वीची वरची पट्टी नंतर कधीच परत आली नाही. त्यानंतरचे अल्बम ऐकताना हे माहीत असलेलं बरं. तो चाली खाली उतरवून, बोलल्यासारखं गाऊ लागला. ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ (१९८७) हे त्याचं उत्तम उदाहरण. याच अल्बमला १९८९ साली हार्ड रॉक-मेटलचं ग्रॅमी मिळालं, मेटॅलिकाला मागे टाकून. बँड समारंभाला हजरही नव्हता. पुढल्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले. मेटलवाला मित्र यावरून चिडवेल, वाद घालू नका, त्याचंच खरं आहे. ‘रूट्स टु ब्रँचेस’ (१९९५) मध्ये पौर्वात्य वळणाच्या चाली आहेत, आपल्याकडच्या कानांना तो लवकर लागतो.

एलपी घ्यायची असेल तर

दोन अल्बमसाठी एलपीला अर्थ आहे, बाकीचे डिजिटलवर भागतात.

‘स्टँड अप’च्या जुन्या आवृत्तीचं मुखपृष्ठ उघडलं की लाकडी ठशांतले चार वादक कागदातून उभे राहतात. दुकानात ते सावकाश उघडा. घडीतला डिंक सुटलाय का, हात-पाय फाटलेत का, मागून चिकटपट्टी लावलीय का, हे पाहा. पुढच्या काळातल्या कित्येक प्रतींत ही उभी राहणारी माणसं नाहीतच. ब्रिटिश पहिल्या आवृत्तीचं लेबल आयलंडचं गुलाबी. त्याची किंमत नवख्याने मोजू नये.

‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये वर्तमानपत्राची बारा पानं मोजा. आधीच्या मालकाने शब्दकोडं सोडवलेलं असतं, घड्यांवर कागद विरलेला असतो. कोडं सोडवलेलं चालेल, पान गायब असलेलं नको. मुंबईत चोरबाजारात किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुन्या एलपी चाळताना सगळ्यात आधी हे बघा. तबकडी नंतर.

तबकडी उजेडात तिरपी धरा. प्रकाशात दिसणारे केसासारखे ओरखडे बहुधा किरकोळ वाजतात. नखाला लागणारा ओरखडा दर फेरीला ‘टक्’ करतो. कडेने डोळ्याच्या रेषेत धरून वाकलीय का पाहा.

सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलेला असेल तोच, बहुतेक साध्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या दरम्यान. हलका ठेवला तर रेकॉर्ड वाचेल हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तीच खाच खराब करते. ‘ब्रिक’ची एक बाजू बावीस मिनिटांच्या जवळ जाते, म्हणजे शेवटची मिनिटं पार मध्याजवळ येतात. तिथे सुईखालून खाच हळू सरकते, तेवढ्याच आवाजाला जागा कमी पडते आणि सुईचा कोन जरासा चुकला तरी ‘स’ आणि झांजा फाटतात. शेवट फाटका वाजला तर लगेच प्रतीला दोष देऊ नका, आधी कार्ट्रिजचा कोन तपासा.

धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ मायक्रोफायबर. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत बसतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदी आतल्या पाकिटांना बुरशी धरते आणि ती तबकडीवर उतरते. पाकिटं बदलून प्लास्टिकच्या अस्तराची घ्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि एलपी उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम्स शुल्क धरून किंमत काढा. पुस्तकाच्या आकारातल्या, चार-पाच डिस्कच्या खास आवृत्त्या मोजक्याच निघतात आणि संपल्या की दुसऱ्या हातात भाव चढतो. पण ज्या अल्बमवर तुमचा जीव जडलाय त्याचीच घ्या. संच पूर्ण करायच्या नादाला लागलात तर ‘अंडर रॅप्स’ही दोनदा विकत घ्याल.

प्रत्यक्ष कार्यक्रम

बँड मुंबईला येऊन गेलेला आहे. २००८ साली अनुष्का शंकरसोबतचा दौरा चालू असताना २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. २९ तारखेचा मुंबईतला कार्यक्रम रद्द झाला आणि ५ डिसेंबरला तो ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी झाला.

आता तिकीट काढायचं तर ते बहुधा ब्रिटन-युरोप-अमेरिकेत. तिथे राहणाऱ्यांनी जाहिरातीतलं नाव नीट वाचावं. ‘जेथ्रो टल’ किंवा ‘इयन अँडरसन’ लिहिलं असेल तर अँडरसन आणि त्याचा सध्याचा संच. ‘मार्टिन बार’ लिहिलं असेल तर बारचा वेगळा बँड, जो टलचीच गाणी वाजवतो पण अँडरसनशिवाय. दोघं एकत्र दिसतील या आशेने तिकीट काढू नका.

अँडरसन १९४७ चा. २०२० साली त्याने आपल्याला फुफ्फुसांचा जुनाट विकार असल्याचं सांगितलं. त्यामुळे गळ्याकडून १९७२ ची अपेक्षा ठेवू नये. बासरी अजूनही तो ठणठणीत वाजवतो. खुर्च्यांच्या नाट्यगृहात पुढून सहा-आठ रांगा सोडून मधली जागा घ्या. अगदी पुढे बसलात तर गिटारचे ॲम्प्लिफायर आवाजावर चढतात. फोन खिशात ठेवा, अलीकडच्या कार्यक्रमांत शेवटच्या गाण्यापर्यंत चित्रीकरण करू नका असं सांगितलं जातं. ते शेवटचं गाणं बहुतेक वेळा ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ असतं. पियानोची सुरुवात ऐकू आली की फोन काढायला हरकत नाही. एका पायावर उभं राहून वाजवण्याची ती प्रसिद्ध मुद्रा हल्ली तो मोजकीच करतो, म्हणून फोन काढला की कॅमेरा चालूच ठेवा.